बारा वाक्यं आणि भरतीची वेळ

आमच्या रात्रशाळेत दरवर्षी एक हस्तलिखित निघतं. गेल्या पावसाळ्यात त्यासाठी बारावीच्या एका विद्यार्थ्याने 'आमच्या हिंदमाताला पाणी का तुंबतं' या विषयावर एक परिच्छेद लिहून आणला. (हिंदमाता म्हणजे मुंबईत दादर-परळच्या मधला सखल भाग.) तो परिच्छेद मनासारखा व्हायला सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत काय झालं, कुठे अडलं, माझा कोणता सल्ला फसला आणि गाडी पुन्हा रुळावर कशी आली, ते त्याच्या संमतीने इथे सविस्तर मांडते आहे. त्याचं आणि शाळेचं नाव मात्र देत नाही.

आधी थोडं त्याच्याविषयी. वय बावीस. दहावीनंतर पाच वर्षं शिक्षण सुटलेलं. दिवसभर हिंदमाताच्या एका कापड दुकानात काम करतो. शेठनी शाळेसाठी सहाला निघायची मुभा दिली आहे. आजोबा लालबागच्या एका गिरणीत होते, १९८२च्या संपात घरी बसले ते बसलेच. घरात पुस्तकं नाहीत, पण भजनी मंडळ होतं, त्यामुळे कान तयार आहे. बोलायला लागला की समोरचा ऐकत राहतो. गिऱ्हाइकाला साडीचा पोत समजावून सांगताना मी त्याला एकदा पाहिलं आहे. पदर बोटांवर घेऊन, उजेडाकडे धरून, एकच गोष्ट तो अशी उलगडत नेत होता की त्या बाईंनी पुढची साडी मागितलीच नाही. हाच मुलगा वही उघडून बसला की वेगळाच कोणीतरी होतो.

त्याचा पहिला मसुदा जसाच्या तसा देते.

«मुंबई हे सात बेटांचे शहर आहे. मुंबईत दरवर्षी पावसाळ्यात पाणी तुंबते. हिंदमाता हा सखल भाग असून येथे मोठ्या प्रमाणात पाणी साचते. तसेच नाल्यांमध्ये कचरा व प्लास्टिक अडकते. त्याचप्रमाणे २६ जुलै २००५ रोजी मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. यामुळे व्यापाऱ्यांचे मोठे नुकसान होते. तसेच भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी वाढते. ब्रिटिश काळातील पर्जन्यजलवाहिन्या जुन्या झाल्या आहेत. प्रशासनाने याकडे लक्ष देणे गरजेचे आहे. नागरिकांनीही कचरा टाकू नये. आमच्या दुकानातही पाणी येते. अशा प्रकारे पाणी तुंबणे ही एक गंभीर समस्या आहे.»

बारा वाक्यं. शुद्धलेखनाची चूक जवळजवळ नाही. खोटं असं एकही वाक्य नाही. परीक्षेत याला बरे गुण मिळाले असते, आणि मला वाटतं दुखणं तिथेच सुरू होतं. आपल्याकडे मुलं लिहायला शिकतात ती मुद्द्यांवरून. फळ्यावर सहा मुद्दे, मुद्दा आला की गुण आला. मग मूल एका मुद्द्याला एक वाक्य देतं आणि पुढे सरकतं. मुद्दा सुटू नये एवढीच त्याला काळजी, कारण न सुटलेल्या मुद्द्याचेच गुण आहेत. दोन मुद्द्यांमधल्या नात्याला कुणी अर्धा गुणसुद्धा देत नाही. दहा-बारा वर्षं हे केलं की हात तसाच वळतो. वर लिहिलं आहे ती खरं तर यादी आहे. आकडे काढून टाकून ती एकाखाली एक लिहायच्या ऐवजी एकापुढे एक लिहिली आहे, म्हणून ती परिच्छेदासारखी दिसते.

हे त्याला सांगून उपयोग नव्हता. 'वाक्यांत संबंध नाही' हा शेरा लाल शाईने मी आजवर किती वह्यांवर लिहिला असेल, आणि त्या शेऱ्याने एकही परिच्छेद सुधारलेला मला आठवत नाही. म्हणून या वेळी कात्री काढली. बारा वाक्यं बारा पट्ट्यांवर लिहायला लावली, पट्ट्या बाकावर उलटसुलट केल्या आणि शेजारच्या बाकावरच्या दोघींना सांगितलं, यांचा परिच्छेद जुळवा. एक परळच्या एका रुग्णालयात आया आहे, दुसरी घरकाम करते. दोघींनी पाच मिनिटांत जुळवला आणि मोठ्याने वाचून दाखवला. 'मुंबई हे सात बेटांचे शहर' पहिलं आलं आणि 'अशा प्रकारे' शेवटी आलं, बाकी दहाच्या दहा वाक्यं भलतीकडे. आणि वाचताना कुणाला काहीच खटकलं नाही. लिहिणाऱ्यालाही नाही! तो म्हणाला, "बाई, हे माझंच आहे ना?"

मग मी त्याला 'यामुळे' हा शब्द शोधायला सांगितला. मूळ मसुद्यात 'यामुळे व्यापाऱ्यांचे मोठे नुकसान होते' हे वाक्य २००५च्या पावसानंतर आलं होतं. पट्ट्यांच्या जुळणीत ते 'नागरिकांनीही कचरा टाकू नये' याच्या पुढे जाऊन बसलं होतं. कचरा न टाकल्यामुळे व्यापाऱ्यांचं नुकसान होतं, असा त्याचा सरळ अर्थ झाला, आणि तोही कुणाला ऐकू आला नव्हता. 'यामुळे' म्हणजे कशामुळे, हे लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नव्हतं, म्हणून वाचणाऱ्यानेही विचारलं नाही. 'तसेच' आणि 'त्याचप्रमाणे' यांचंही तेच. ज्या दोन गोष्टी एकमेकींसारख्या आहेत त्यांच्यामध्ये 'तसेच' शोभतो. भरती आणि प्लास्टिक यांच्यात 'तसं' काय आहे?

इथे एक आडवळण घेते, कारण मला ते महत्त्वाचं वाटतं. परिच्छेद ही आपल्या लिहिण्यात तशी उशिरा आलेली सोय आहे. मोडीत लेखणी शक्यतो न उचलता ओळभर लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, नवी ओळ आत सरकवून सुरू करणं नाही. विरामचिन्हं मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, छपाईच्या जोडीने, आणि त्या कामात मेजर थॉमस कँडी यांचं नाव घेतलं जातं. त्याच काळात, १८३२ साली, याच मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं. पण म्हणून त्याआधीचं लिहिणं अस्ताव्यस्त होतं असं नाही. जुनं पत्र पाहा. नमस्कार-चमत्कार झाला की 'विनंती विशेष' येतं, म्हणजे आता कामाची गोष्ट सुरू. आणि 'कळावे' आलं की गोष्ट संपली. कागदावर मोकळी जागा नव्हती, तर ते काम शब्द करत होते. त्यातला प्रत्येक शब्द वाचणाऱ्याला सांगत होता की आपण आता कुठे आहोत. 'तसेच' यातलं काहीही सांगत नाही. 'अजून एक आहे' एवढंच तो म्हणतो.

तर पट्ट्यांचा खेळ झाला, मुलगा थोडा हिरमुसला. मी त्याच्या सातव्या पट्टीवर बोट ठेवलं. 'भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी वाढते.' म्हटलं, "समुद्र कुठे, हिंदमाता कुठे. भरती आली तर तुझ्या दुकानाला काय त्याचं?"

तो लगेच बोलायला लागला. "असं काय करता बाई, सगळं त्याच्यावरच तर असतं. शेठ पावसाळ्यात सकाळी आल्या आल्या आधी भरतीची वेळ बघतात. पेपरात येते ना, ती. भरती पहाटेची असेल तर कितीही पडू दे, पाणी आलं तरी तास-दोन तासांत उतरतं. पण बारा-एकची भरती असली आणि अकरापासून लागून राहिला, की शेठ म्हणतात, चला, खालची फळी रिकामी करा. मग आम्ही तागे वर चढवतो. पाणी मग सहा वाजेपर्यंत हलत नाही. ओहोटी लागली की आपोआप जातं."

ही सगळी माहिती त्याच्याजवळ होती. सात पावसाळे त्याने ते तागे स्वतःच्या हाताने वर चढवले होते. आणि वहीत त्या सगळ्याचं काय झालं होतं? 'भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी वाढते.' पाच शब्द, आणि ते असे की समुद्र कधीही न पाहिलेल्या माणसालाही लिहिता येतील. 'आमच्या दुकानातही पाणी येते' हे दुसरं वाक्य चार पट्ट्या पलीकडे पडलं होतं, एकटंच. या दोन वाक्यांची गाठ हाच त्याचा परिच्छेद होता, बाकीची दहा वाक्यं कुणाचीही होती.

त्या रात्री आम्ही एकच काम केलं. त्याला जे म्हणायचं आहे ते एका वाक्यात. दोन-तीनदा खोडून त्याने लिहिलं: 'हिंदमाताला पाणी किती वेळ राहणार हे पावसाइतकंच भरतीच्या वेळेवर ठरतं.' या वाक्याचा मला झालेला आनंद मी अजून विसरले नाही. कारण या वाक्याशी कुणाला भांडता येतं. 'पाणी तुंबणे ही एक गंभीर समस्या आहे' याच्याशी कोण भांडणार? ज्याला कुणी 'कशावरून?' असं विचारू शकत नाही, त्या वाक्याखाली परिच्छेद वाढत नाही, कारण वाढायला कारणच नसतं.

इथे माझा सल्ला फसला. मी म्हटलं, आता जसं बोललास तसंच लिही. पुढच्या आठवड्यात तो दोन पानं घेऊन आला. त्यात शेठ होते, चहावाला होता, पाण्यातून ढकलत नेलेली स्कूटर होती, वर चढवताना निसटून पाण्यात पडलेला पांढऱ्या पॉपलिनचा तागा होता आणि तो वाळवायला लागलेले तीन दिवस होते. वाचायला फार छान. पण भरती पहिल्या ओळीत येऊन जी गेली ती परत आलीच नाही. वाचून संपल्यावर लक्षात राहिला तो तागा. बोलताना समोरचा माणूस 'पण मग?' म्हणून आपल्याला वाटेवर आणत असतो. माझ्याशी बोलताना मी ते करत होते. कागदावर तो माणूस नसतो, ते काम लिहिणाऱ्याला स्वतः करावं लागतं. हे मला आधी सांगायला हवं होतं.

याला मदत झाली ती त्याच्या घरच्याच गोष्टीची. मी विचारलं, कीर्तनकार काय करतात? म्हणाला, "अभंग घेतात एक." मग? "मग निरूपण." निरूपणात दृष्टांत येतात, घरातल्या सासूसुनेपासून शेतातल्या बैलापर्यंत वाट्टेल ते येतं, पण बुवा फिरून कुठे येतात? "अभंगावर. टाळ वाजला की सगळे तोच चरण घेतात." झालं. त्याने वहीच्या वरच्या समासात आपलं भरतीचं वाक्य लिहिलं, त्याला चौकट केली आणि त्याला आमचा 'चरण' असं नाव पडलं. यापुढे प्रत्येक वाक्याला एकच कसोटी: हे वाक्य चरणाचं काय काम करतं? त्याचं कारण सांगतं, ते कसं घडतं हे दाखवतं, की त्याचा पुरावा देतं? यांतलं काहीच करत नसेल तर ते कितीही चांगलं असो, इथे नको. पॉपलिनचा तागा गेला. त्याला वाईट वाटलं, मलाही. तो तागा पुढे 'माझी पहिली नोकरी' नावाच्या दुसऱ्या लेखात आला आणि तिथे तोच सगळ्यात चांगला भाग ठरला.

सात बेटंही गेली. त्यावर मात्र वाद झाला. मुंबईवर लिहायचं आणि सात बेटं नाहीत, हे त्याला अपशकुनासारखं वाटत होतं. मी म्हटलं, भर घालून बेटं जोडली, सखल जागा सखलच राहिल्या, हे तुला दाखवायचं असेल तर ती बेटं खुशाल ठेव, पण मग ते काम त्यांच्याकडून करून घे. दारात तोरणासारखी टांगू नकोस. त्याने विचार केला आणि स्वतःच खोडली.

९४४ मिलिमीटरचं प्रकरण त्याहून अवघड होतं, कारण तो आकडा खरा आहे. २६ जुलै २००५च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पण तो सांताक्रूझला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला शंभर मिलिमीटरही झाला नाही. 'मुंबईत ९४४ मिलिमीटर' असं हिंदमाताच्या परिच्छेदात लिहिलं की वाचणारा तो सगळा पाऊस हिंदमाताच्या डोक्यावर ओततो. आकडा खरा असूनही परिच्छेद खोटं सांगायला लागतो. शिवाय तो दिवस शतकातला. शेठ खालची फळी रिकामी करतात ती दरवर्षीच्या साध्या मुसळधार पावसाला. आपला चरण 'भरती' म्हणतो आणि हा आकडा ओरडून 'पाऊस, पाऊस' म्हणतो. एवढं बोलणं झालं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे बाई, हा आकडा माझ्या विरुद्ध पार्टीचा आहे." अगदी बरोबर.

मग त्याला लागणारा आकडा कोणता? मुंबई शहराची पावसाच्या पाण्याची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली आहेत, आणि तेही ओहोटीचा हिशेब धरून. मुंबईच्या पावसाच्या पाण्याचा निचरा कसा सुधारायचा यावरच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता तासाला ५० मिलिमीटरवर नेण्याची शिफारस केली. इथे पाऊस आणि भरती एकाच वाक्यात येतात. चरणाला लागतो तो आकडा हा. त्याने तो आनंदाने लिहिला: 'या पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी २५ मिलिमीटर इतकी आहे.' आणि पुढे सरकला.

मी विचारलं, २५ मिलिमीटर म्हणजे किती? बोटांनी दाखवलं त्याने, इंचभर. म्हटलं, इंचभर पाण्याने कुणाचं दुकान बुडतं? गप्प बसला. मग म्हणाला, "थांबा, कापडासारखं करू. लांबी आणि पन्हा." राहतो त्या चाळीतली खोली घेतली, दहा बाय बारा फुटांची. १२० चौरस फूट, म्हणजे ११ चौरस मीटरच्या थोडं वर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गुणाकार केला, सुमारे २८० लिटर. घरातली मोठी बादली वीस लिटरची. चौदा बादल्या! तासाभरात, एका खोलीएवढ्या जागेवर. त्याच्या चाळीत सकाळी पाणी भरायचं काम त्याचंच आहे, त्यामुळे चौदा बादल्या म्हणजे किती हे त्याला खांद्यांपासून माहीत होतं. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "आणि हिंदमाताला अशा खोल्या किती होतील…"

परिच्छेद 'फुलवा' असं आम्ही शिक्षक सांगतो तेव्हा मुलं विशेषणं घालतात. 'प्रचंड', 'भीषण', 'हाहाकार'. फुलवणं म्हणजे हे, चौदा बादल्या. वाचणारा जिथे 'म्हणजे किती?' म्हणून थांबेल, तिथे त्याच्या आधी थांबणं. विशेषणाने वाक्य लांब होतं, पण वाचणाऱ्याचा प्रश्न तसाच राहतो.

'पर्जन्यजलवाहिन्या' या शब्दावरही एक संध्याकाळ गेली. तुमच्या दुकानासमोर जे आहे त्याला तुम्ही काय म्हणता? गटार. मग तेच लिही. त्याला 'गटार' हा शब्द घाण वाटत होता, छापील लिहिण्यात शोभणार नाही असा. शेवटी 'पावसाची गटारं' यावर आम्ही दोघं राजी झालो, म्हणजे मैल्याच्या गटारांशी गल्लत नको. बोली ठेवायची की प्रमाण, यावर मी त्याला सक्ती केली नाही; पहिल्या मसुद्यातलं 'तुंबते', 'साचते' त्याने आपणहून 'तुंबतं', 'साचतं' केलं. त्याबरोबर वाक्यांची ठेवणही बदलली, ते मला अपेक्षित नव्हतं. 'असून', 'करण्यात येते', 'गरजेचे आहे' ही मंडळी आपोआप गळाली. मला वाटतं, पुस्तकी क्रियापद लिहिलं की हाताला पुस्तकी वाक्यच सुचतं, आणि त्या वाक्यात शेठ आणि तागे यांना जागा नसते.

पाचव्या आठवड्यात मसुदा असा उभा राहिला.

«हिंदमाताला पाणी किती वेळ राहणार हे पावसाइतकंच भरतीच्या वेळेवर ठरतं. हा भाग बशीसारखा खोलगट आहे, त्यामुळे आजूबाजूच्या चढावरचं पाणी इथे गोळा होतं. इथून ते जमिनीखालच्या पावसाच्या गटारांतून समुद्राकडे जातं. ही गटारं ब्रिटिश काळातली आहेत. तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि तोही समुद्राला ओहोटी असताना, एवढाच हिशेब धरून ती बांधलेली आहेत. २५ मिलिमीटर म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीएवढ्या जागेवर तासाभरात २८० लिटर, वीस लिटरच्या चौदा बादल्या. ओहोटीला एवढं पाणी निघून जातं. भरतीला मात्र समुद्र गटाराच्या तोंडापेक्षा वर येतो आणि आतलं पाणी आतच थांबतं. म्हणून आमचे शेठ पावसाळ्यात सकाळी आधी भरतीची वेळ बघतात. बाराची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की आम्ही खालच्या फळीवरचे तागे वर चढवतो. ओहोटी लागेपर्यंत ते वरच राहतात.»

पुन्हा पट्ट्या. त्याच दोघी, तोच बाक. या वेळी वेळ जास्त लागला, कारण त्या प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीला लावून बघत होत्या. 'म्हणून' कशाच्या मागे, 'मात्र' कशाच्या विरुद्ध, 'इथून' म्हणजे कुठून, यावर दोघींचं कुजबुजत भांडण चाललं होतं. वाक्यं एकमेकींना धरून आहेत याचा याहून चांगला पुरावा मला नको होता. अकरापैकी दहा पट्ट्या जागच्या जागी आल्या. एकच सुटली: 'ही गटारं ब्रिटिश काळातली आहेत.' ती त्यांनी बादल्यांच्या वाक्यानंतर ठेवली होती, आणि तिथेही ती तितकीच चालत होती.

सुटलेली पट्टी म्हणजे लिहिणाऱ्याचा विचार तिथे सैल आहे, असं मी आता मानते. आम्ही त्या वाक्यावर बसलो. गटारं जुनी आहेत म्हणून पाणी तुंबतं का? जुनी असती आणि मोठ्या पावसाच्या हिशेबाने बांधलेली असती, तर? मग तुंबलं नसतं. म्हणजे वय हे कारण नव्हे. हिशेब हे कारण. 'ब्रिटिश काळातील' हे शब्द पहिल्या मसुद्यापासून त्याच्याबरोबर आले होते, कारण या विषयावर बोलणारा प्रत्येक जण ते म्हणतो, आणि म्हटलं की काहीतरी सांगितल्यासारखं वाटतं. त्याने दोन्ही वाक्यं एक केली: 'ही गटारं ब्रिटिश काळात बांधली तेव्हा हिशेब धरला तो तासाला २५ मिलिमीटर पावसाचा, आणि तोही समुद्राला ओहोटी असताना.' आता ब्रिटिश काळ फक्त 'केव्हा' सांगतो आणि जोर हिशेबावर पडतो. वाक्याची ही दुरुस्ती आहे, तशीच ती त्याच्या समजुतीचीही आहे. पट्टी सुटली नसती तर दोघांनाही ती सुचली नसती.

इथे मी लेख हस्तलिखिताकडे द्यायला निघाले होते. पट्ट्या गोळा करता करता रुग्णालयात काम करणारी ती म्हणाली, "पण बाई, हे आता असं राहिलेलं नाही. मी रोज तिथून जाते. आता पाणी ओहोटीसाठी थांबत नाही, लवकर उतरतं. पंप लावलेत, टाक्या बांधल्यात." तिचं खरं होतं. रे रोडला ब्रिटानिया उदंचन केंद्र आहे, ते भरतीतही पाणी उपसून समुद्रात टाकतं; आणि हिंदमाताचं पाणी पंपाने नेऊन साठवायला परळच्या झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली टाक्या केल्या आहेत. लिहिणाऱ्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आपला चरणच गेला.

दोन दिवस तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो उशिरा, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. त्या दिवशी दुपारी भरती होती आणि पाऊसही चांगलाच लागला होता. दप्तर ठेवायच्या आधीच सांगायला लागला, "बाई, सव्वा तासात उतरलं. पण तागे चढवलेच आम्ही. शेठ म्हणाले, वेळ बघून चढवलेलं बरं." आणि मग, थोडं थांबून, "टाकीतलं पाणी तरी शेवटी कुठे सोडतात? समुद्रातच. आणि कधी? ओहोटीला. म्हणजे भरती आहेच की. फक्त वाट बघायचं काम आता टाकी करते."

हे वाक्य ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. मी म्हटलं, हे याच परिच्छेदात घालू या, शेवटी. तो नको म्हणाला. "याच्यात नको. याच्यात पाणी का थांबतं ते आहे. हे दुसरं आहे. हे, आता कोण थांबतं त्याचं." पहिल्या मसुद्यात एका श्वासात बेटं, कचरा, प्रशासन आणि भरती कोंबणारा हाच मुलगा. मी पेन त्याच्या हातात दिलं.

त्याने परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्यात 'राहतात' खोडून 'राहायचे' केलं, आणि पुढे एक शब्द घातला. 'पूर्वी ओहोटी लागेपर्यंत ते वरच राहायचे.' मग एक ओळ मोकळी सोडली, बोटभर आत सरकून 'आता' असं लिहिलं आणि पुढचं वाक्य सुचेपर्यंत खिडकीतून बाहेरचा पाऊस बघत बसला.